बाबांचं ‘मृत्युंजय’ मला आवडत नाही

ताई,

मी गडहिंग्लजकडची. वय २९. पुण्यात नोकरी करते. वडील एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. दहावीनंतर त्यांना शिकता आलं नाही. त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी एकच जाडजूड पुस्तक विकत घेतलं, ते म्हणजे ‘मृत्युंजय’. मुक्कामी गाडीवर ड्यूटी असली की बॅगेत ते पुस्तक असायचं. त्यांची तीन पारायणं झाली आहेत. गेल्या दिवाळीत त्यांनी ती प्रत मला दिली. मी २१२व्या पानावर अडकले, ती अडकलेच. वर्णनं संपत नाहीत, आणि कर्णाचं सगळंच बरोबर! दर रविवारी बाबा फोनवर विचारायचे, “कुठवर आलीस?” शेवटी मागच्या महिन्यात मी सांगून टाकलं, “संपलं, खूप आवडलं.” ते इतके खूश झाले, की फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

ऑफिसातल्या वाचणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, ते ओव्हररेटेडच आहे, त्यापेक्षा नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी वाच, ‘युगान्त’ वाच. ऐकून आधी बरं वाटलं, आणि मग बाबांशी गद्दारी केल्यासारखं वाटलं. या दिवाळीला ते इकडे येणार आहेत आणि त्यांना शेवटाबद्दल माझ्याशी बोलायचंय. त्या पुस्तकात शेवटाकडे एका पानात एस.टी.चं जुनं तिकीट ठेवलेलं आहे. मी तिथपर्यंत पोचलेलीच नाही.

हे पुस्तक लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय, की मलाच कळत नाही? आणि बाबांना काय सांगू?

– अर्ध्यावर अडकलेली


प्रिय अर्ध्यावर अडकलेली,

तुला पुस्तक कळतंय. ज्याला पुस्तक कळत नाही, तो ‘बोअर आहे’ म्हणून मिटून टाकतो. तू दोन जागांवर बोट ठेवलं आहेस, आणि दोन्ही जागा खऱ्या आहेत. तेव्हा ‘माझ्यातच काही कमी आहे का’ हा प्रश्न आधी मनातून काढून टाक. उरलेल्या दोन प्रश्नांवर मात्र सविस्तर बोलू या, कारण ते एकमेकांत गुंतले आहेत.

मी एकवीस वर्षं एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर होते. आमच्याकडे ‘मृत्युंजय’च्या तीन प्रती होत्या आणि तिन्ही कधी एका वेळी कपाटात दिसल्या नाहीत. त्यातली सगळ्यात जुनी प्रत दोनदा बांधून घेतलेली होती. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी चिकटवायचो, ती भरली की तिच्यावर दुसरी, मग तिसरी. शेवटी तो पुठ्ठा बोटभर जाड झाला होता. एकदा मोजणीच्या वेळी मी ती प्रत मिटून आडवी धरली आणि पानांच्या कडा पाहिल्या. पहिली दीडेकशे पानं बोटांनी काळी पडलेली. मग रंग हळूहळू फिकट होत गेलेला. मधला मोठा भाग जवळजवळ कोरा, आणि अगदी शेवटी पुन्हा काळी पट्टी.

म्हणजे तू जिथे अडकलीस तिथे आमच्या गावातले कितीतरी लोक अडकले होते. मधली पानं उलटून ते शेवटाकडे गेले, आणि टेबलाशी येऊन मला म्हणाले, “काय पुस्तक आहे हो!” ते खोटं बोलत नव्हते. सुरुवात आणि शेवट त्यांना पुरला होता.

त्याच प्रतीत दुसरी एक गोष्ट होती. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करू नयेत अशी पाटी आम्ही लावली होती, तरी लोक करतातच. या प्रतीतल्या खुणा निळ्या शाईच्या होत्या, लाल होत्या, पेन्सिलीच्या होत्या, म्हणजे वेगवेगळ्या हातांच्या. आणि वेगवेगळ्या हातांनी एकाच शब्दाखाली पुन्हा पुन्हा रेघ मारली होती, ‘सूतपुत्र’, म्हणजे सारथ्याचा मुलगा. एका ठिकाणी तर रेघ इतकी दाबून मारली होती की कागद फाटला होता.

त्या फाटलेल्या जागेपाशी मी बराच वेळ थांबले होते. तुझं पत्र वाचताना मला पहिल्यांदा तीच आठवली.

‘मृत्युंजय’ आलं १९६७ साली. शिवाजी सावंत तुमच्याच भागातले, आजऱ्याचे. पुस्तक आलं तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे, कोल्हापुरात शिक्षक. त्यांनी महाभारत घेतलं आणि कर्णाला, कुंतीला, दुर्योधनाला, कर्णाच्या बायकोला वृषालीला, धाकट्या भावाला शोणाला स्वतःच्या तोंडानं बोलायला लावलं. शेवट श्रीकृष्णाकडे दिला. त्याआधी सामान्य वाचकाच्या कानावर कर्ण यायचा तो कीर्तनातून किंवा आजीच्या गोष्टीतून, कुणीतरी त्याच्याबद्दल सांगायचं. इथे कर्ण ‘मी’ म्हणून बोलू लागला. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी शाळेत गेलं होतं, ज्या पोराला मास्तरांनी आडनाव विचारून मागच्या बाकावर बसवलं होतं, ज्याला मार्क असून पुढे शिकता आलं नाही, त्याच्या हातात हे पुस्तक पडलं. अंगी गुण असूनही कुळावरून अडवला गेलेला माणूस पहिल्या पुरुषात बोलतो आहे. अशा वाचकाला वर्णनं लांबली याची फिकीर नव्हती. त्याला त्या शब्दाखाली रेघ मारायची होती.

तुझे बाबा मला त्या वाचकांपैकी वाटतात. दहावीनंतर त्यांचं शिक्षण का थांबलं ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मी अंदाज बांधणार नाही. पण हे तू त्यांना कधी विचारलंयस का?

आता पुस्तकाबद्दल. माझं मत विचारशील तर स्पष्ट सांगते, ‘मृत्युंजय’ जेवढं थोर म्हणून सांगितलं जातं तेवढं थोर मला वाटत नाही. दोनदा पूर्ण वाचून हे म्हणते आहे.

पहिली अडचण भाषेची. एक भावना आली की तिच्यामागून उपमांची रांग येते, उपमा संपल्या की प्रश्नांची, आणि प्रश्न संपले की एखादं सुभाषित. सुरुवातीला, चंपानगरीतल्या पोरवयात, गंगेच्या काठी, धाकट्या शोणाच्या मायेत हे सगळं शोभतं. लहान मुलाच्या डोळ्यांना सूर्य मोठाच दिसणार. पण तोच स्वर शेवटपर्यंत उतरतच नाही. कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधन बोलतो, आणि डोळे मिटून ऐकलं तर सगळे कर्णासारखेच बोलतात. एवढी माणसं बोलायला लावायची आणि प्रत्येकाला त्याचा आवाज द्यायचा नाही, हा मला या कादंबरीचा मोठा दोष वाटतो. तू २१२व्या पानावर का दमलीस त्याचं कारण माझ्या मते इथे आहे.

दुसरी अडचण तुझ्या ‘सगळंच बरोबर’ची. व्यासांचा कर्ण इतका स्वच्छ नाही. भर सभेत द्रौपदीला अत्यंत हीन शब्द वापरणारा आणि पांडवांची नि तिची वस्त्रं उतरवून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. कौरव गाईगुरं पाहायच्या निमित्तानं वनात गेले, त्या घोषयात्रेत गंधर्वांशी गाठ पडली तेव्हा रथ मोडल्यावर तो दुर्योधनाच्या भावाच्या, विकर्णाच्या रथात चढून निघून गेला. हा सगळा कर्ण मूळ ग्रंथात आहे. तो दानशूर आहे, शब्दाला पक्का आहे आणि तोच असा नीचही वागतो, म्हणून तो माणूस म्हणून इतका ओढ लावतो. कादंबरी त्याचे डाग पुसत नेते, आणि जितके पुसते तितका तो माझ्यापासून लांब जातो.

गंमत म्हणजे त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचं महाभारतातल्या माणसांवरचं ‘युगान्त’ही आलं. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पूर्ण झाली होती. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहून मागाहून शिरलेला मजकूर बाजूला काढण्याचं ते काम अनेक दशकं चाललं होतं. इरावतीबाई त्या पाठावर उभ्या राहून लिहितात. ‘मी सूताला वरणार नाही’ असं द्रौपदी स्वयंवरात म्हणते, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. कर्णाच्या अपमानाचा सगळ्यांत मोठा पुरावा म्हणून आपण तेच वाक्य सांगतो. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात ते नाही. एकाच वर्षी मराठी वाचकाच्या हातात दोन कर्ण आले, एक मिठी मारायला आणि एक नीट पाहायला. ‘युगान्त’ला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘मृत्युंजय’ला पुढे भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला, पण त्याआधीच लोकांनी ते घराघरात नेलं होतं.

तिसरी अडचण मला सगळ्यांत जास्त बोचते, आणि ती मी त्या फाटलेल्या कागदापाशी थांबले तेव्हा लक्षात आली. पुस्तक सूतपुत्राच्या अपमानावर रडतं. पण त्याचं मोठेपण कशात शोधतं? तो मुळात सूतपुत्र नव्हताच यात. तो सूर्याचा मुलगा, कुंतीचा थोरला, जन्मानंच राजघराण्यातला. कवचकुंडलं जन्मजात. म्हणजे अपमान चुकीचा का, तर माणूस चुकीचा ओळखला म्हणून. खरोखरच सूताच्या पोटी जन्मलेल्या शोणाचं काय? कर्णाला वाढवणाऱ्या अधिरथाचं काय? हा दोष मूळ कथेतच आहे, तो सावंतांच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. शोणाला त्यांनी बोलायला दिलं, हे तर मोठंच केलं. तरीही ज्यानं कागद फाटेपर्यंत रेघ मारली, त्याच्या जन्मामागे कुठलाही सूर्य उभा नव्हता. त्याचं दुःख या पुस्तकानं बोलून दाखवलं, आणि उत्तर मात्र दुसऱ्याच कुणाचं दिलं. पुढे १९७८ साली दया पवारांचं दलित आत्मकथन ‘बलुतं’ आलं, तेव्हा तेच दुःख कवचकुंडलांशिवाय समोर आलं. आमच्या वाचनालयात ‘बलुतं’ची एक प्रत होती. तिच्या कडा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारख्याच मळल्या होत्या.

एवढं सगळं म्हणूनही मैत्रिणींचा तो ‘ओव्हररेटेड’ शब्द तू वापरू नयेस असं मला वाटतं. त्या शब्दानं पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही, फक्त बोलणारा कुणाच्या बाजूचा आहे ते कळतं. ‘कोसला’वाले ‘मृत्युंजय’ला फुगवलेलं म्हणतात, ‘मृत्युंजय’वाले ‘कोसला’त काही घडतच नाही म्हणतात, आणि दोघं मिळून खांडेकरांच्या ‘ययाति’ला उपदेशाचा डोस म्हणतात. ‘ययाति’ला ज्ञानपीठ मिळालं म्हणून ते आवडलंच पाहिजे असं नाही, आणि ज्ञानपीठ मिळालंय म्हणून नाक मुरडलं की आपण मोठे वाचक ठरतो असंही नाही.

‘कोसला’चं सांगते. कॉलेजात असताना मी एका चर्चेत त्या पुस्तकावर दहा मिनिटं बोलले होते. तेव्हा आमच्यात ‘कोसला’ आवडणं म्हणजे हुशार असणं असा समज होता. मी ते निम्मंच वाचलं होतं. चर्चा संपल्यावर एका मुलानं शांतपणे विचारलं, “मनीच्या मृत्यूची पानं तुला कशी वाटली?” मनी कोण हेच मला माहीत नव्हतं. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण, देवी येऊन जाते ती. मी काहीतरी पुटपुटले. घरी येऊन रात्रभरात पुस्तक संपवलं, आणि तोपर्यंत नुसती लकब वाटणारे ते ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ त्या पानांनंतर मला वेगळेच ऐकू येऊ लागले. सगळं ‘वगैरे’ म्हणून झटकून टाकणाऱ्या या मुलाला काय झटकता आलेलं नाही, ते दिसलं. आजही त्या कादंबरीचा काही भाग मला लांबलेला वाटतो, आणि तो कुठला ते मी पान काढून दाखवीन. पण त्या दिवशी न वाचता केलेली स्तुती मला आजतागायत सलते. न वाचता केलेल्या निंदेचंही तसंच होतं. तुझ्या मैत्रिणींना एकदा विचार, ‘मृत्युंजय’मधलं कुठलं पान? त्यांना सांगता आलं तर त्यांचं मत मोलाचं आहे. नाही आलं तर सोडून दे.

तू ते पूर्ण वाचावंस का? माझ्या मते नको. सहा-आठशे पानांचं पुस्तक कर्तव्य म्हणून ओढत नेलं की माणूस पुस्तकाचाही राग करतो आणि ज्यानं दिलं त्याचाही. कर्णाची ओढ असेल पण भाषा झेपत नसेल, तर दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ घे. लहानसं आहे, आणि भाषा काव्यमय असूनही दमवत नाही. ‘युगान्त’ तर घेच. आणि ‘बलुतं’ वाचलं नसशील, तर या दोन्हींच्या आधी ते.

आता बाबा. त्यांना खरं सांग, आणि दिवाळीच्या आधी सांग. समोर बसून शेवटाबद्दल बोलू लागले आणि तू उत्तरं चाचपडत राहिलीस, तर तुला पुस्तक आवडलं नाही यापेक्षा तू त्यांना फसवलंस हे त्यांच्या जास्त जिव्हारी लागेल. रविवारच्या फोनवर सांग. फार प्रस्तावना करू नकोस. “बाबा, मी मागं खोटं बोलले. माझ्याकडून दोनशे बाराच पानं झाली. तुम्ही खूश व्हावं म्हणून संपलं म्हणाले.” एवढं बोलून थांब. ते गप्प होतील. तो गप्पपणा भरून काढायला लगेच पुस्तकाची स्तुती करू नकोस, आणि वर मी लिहिलेले दोषही वाचून दाखवू नकोस. ते तुझ्यासाठी आहेत. कधी दोघं निवांत बोलत बसाल तेव्हा तो कुळाचा प्रश्न त्यांनाच विचार. तीन पारायणं केलेल्या माणसाला त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्यापेक्षा जास्त असेल.

कदाचित ते म्हणतील, “आजकालच्या पोरांना वाचायला नको.” म्हणू देत. दुखावलेला माणूस असंच म्हणतो. त्यावर वाद घालू नकोस.

मग त्यांना विचार, की पहिल्यांदा ते कुठे वाचलं. गाडी कुठल्या गावी मुक्कामाला होती, झोपायला जागा कुठे होती, दिवा कसला होता, ड्रायव्हर घोरत असताना किती वाजेपर्यंत जागे होते. तुझ्या पत्रात ‘तीन पारायणं’ एवढंच आहे. त्या तीन वेळा म्हणजे त्यांच्या आयुष्यातली तीन वेगवेगळी वर्षं असणार. पहिल्या वेळी बहुतेक तू जन्मलेलीही नव्हतीस. तुला त्यांची ती वर्षं माहीत नाहीत, आणि आपणहून सांगायचं तर बापमाणसं असलं काही सांगत नाहीत. कर्णाचं निमित्त असलं तर सांगतील.

ते घरी आले की प्रत त्यांच्या हातात दे आणि त्यांना मोठ्यानं वाचायला सांग. मी वाचनालयात दर गुरुवारी दुपारी म्हाताऱ्या मंडळींसाठी वाचायचे, तेव्हा पाहिलंय, ‘मृत्युंजय’ डोळ्यांनी वाचताना जड होतं आणि आवाजात पुष्कळ हलकं होतं. त्या उपमांची रांग कीर्तनकाराच्या वळणाची आहे, ती कानाला खुपत नाही. आजऱ्या-गडहिंग्लजच्या हेलात, तुझ्या बाबांच्या तोंडून, ती कदाचित तुलाही खुपणार नाही. खुपली तर खुपली. पण निदान ती कुणाच्या आवाजासाठी लिहिली गेली होती ते कळेल.

वाचायला लावायचं पान तुझ्या घरातच आहे. तिकीट ठेवलेलं. ते आधी एकटीनं उघडून वाचू नकोस. “इथं का थांबला होतात?” एवढं विचार आणि पुस्तक त्यांच्याकडे सरकव. तिकिटावर पंचनं पाडलेली भोकं असतील, तर ती पाहून टप्पा कुठला ते त्यांना अजून सांगता येईल.

तुझी,
ताई